जीपचा ट्रान्सफर केस वाजतोय: एमएम ५४० च्या दुरुस्तीच्या नोंदी

गाडीची माहिती आधी देतो, म्हणजे आपापल्या गाडीशी ताडून बघता येईल. महिंद्रा एमएम ५४०, प्यूजो बनावटीचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन. ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या-पुढच्या चाकांना वाटून देणारा भाग, विलीज जीपपासून चालत आलेला डाना १८: बिडाचा डबा, आत सरळ दातांचे गिअर, साखळी-बिखळी काही नाही. हाय-लोची (लो म्हणजे संथ पण जास्त ताकदीची) एक लिव्हर, फोर व्हीलची दुसरी. पुढच्या चाकांना फ्री व्हीलिंग हब (चाक शाफ्टपासून मोकळं करणारे) नाहीत, त्यामुळे फोर व्हील लावलेलं नसलं तरी पुढचा शाफ्ट चाकांबरोबर फिरतच राहतो. हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफरच्या मागच्या तोंडावर. मुक्काम अंबाजोगाई तालुका, रान काळं. पावसाळ्यात फोर व्हीलशिवाय या मातीतून गाडी निघत नाही, त्यामुळे हा डबा नुसता शोभेला नाही.

५ ऑक्टोबर २०२५

सोयाबीन काढणीच्या दिवसांत जीप उभी करणं परवडत नाही, पण आता शेजारच्या माणसाशी बोलायलाही ओरडावं लागतंय. ३५ च्या पुढे घूंऽऽ सुरू होतं, ४५ ते ५० ला कळस. ॲक्सिलरेटर दाबला की आवाज चढतो, सोडला की सूर बदलतो आणि खालून खडखड येते. फोर व्हील काढलेलं असो नाहीतर लावलेलं, फरक नाही.

एक गोष्ट आज मुद्दाम तपासली. तिसऱ्या गिअरला ४० आणि टॉपला ४०, दोन्हीकडे सूर तोच. इंजिनाचे फेरे बदलले तरी आवाज बदलला नाही. म्हणजे क्लच आणि गिअरबॉक्सची पुढची बाजू संशयातून सुटली. जे वाजतंय ते गिअरबॉक्सच्या मागे आहे आणि चाकांच्या वेगानं फिरतंय.

यंदाच्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो सगळ्यांना माहीत आहे. रानाच्या वाटेवरचा ओढा चेसिसला लागेल इतका वाहत होता आणि जीप त्यातूनच ये-जा करत होती. आवाज आधीपासून होता, पण वाढला तो त्यानंतर.

आतापर्यंत पाण्यात गेलेला पैसाही लिहून ठेवतो. लातूर रस्त्यावरच्या एका गॅरेजनं ‘क्रॉस गेलेत’ म्हणून मागच्या शाफ्टचे दोन्ही क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे सांधे) बदलले, मजुरीसकट १,७०० रुपये. आवाज तसूभरही कमी झाला नाही. मग त्यांनीच क्राऊन-पिनियन (मागच्या एक्सलमधली गिअरची जोडी) बदलायला सांगितलं. तिथून गाडी परत आणली. दुसऱ्या एकानं १४० नंबरचं जाड ऑइल घालायला लावलं, ६०० रुपये. त्यानं आठवडाभर आवाज खरंच बसला. सकाळी गाडी थंड असताना लिव्हर मात्र दोन हातांनी ओढावी लागायची. आठवडा सरला आणि आवाज परत जागेवर. जुनी जीप विकत घेणाऱ्यांनी भरायचा बोल्ट उघडून बोट घालून बघावं. ऑइल मधासारखं जाड लागलं तर विकणाऱ्यानं आवाज झाकलाय असं खुशाल समजा.

७ ऑक्टोबर

आज आमच्या मामूकडे गेलो. मामू म्हणजे अंबाजोगाईतले जुने जीपवाले मिस्त्री. वय सत्तरीकडे, कान अजून शाबूत. त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. म्हणाले, “खोलायचं नंतर बघू मालक. आधी आत कोण फिरतंय अन् कोण गप बसलंय ते बघू.”

त्यांनी करून घेतलेल्या तपासण्या कुणालाही घरी जमतात.

पहिली उभ्या गाडीवर. हाय-लोची लिव्हर न्यूट्रलला, गिअरबॉक्स टॉपला, क्लच सोडलेला. गाडी जागची हलत नाही, पण ट्रान्सफरचा मेन गिअर आणि त्याला कायम भिडलेला मधला गिअर फिरत राहतात. मागे-पुढे जाणारे शाफ्ट गप. रेस वाढवली तशी खालून गुरगुर आली, घूं मात्र नाही. मग गिअरबॉक्सही न्यूट्रलला टाकला, गुरगुर थांबली.

दुसरी उतारावर. इंजिन चालू, गिअरबॉक्स आणि हाय-लो दोन्ही न्यूट्रलला, ब्रेक सोडून गाडी नुसती गडगडू द्यायची. आता उलटं होतं: मागे-पुढे जाणारे शाफ्ट आणि त्यांची बेरिंगं फिरतात, मेन आणि मधला गिअर गप बसतात. घूं पार गेली. खिडकीतून डोकं बाहेर काढलं तर बारीक घरघर उरलेली ऐकू आली. ब्रेकची खात्री असल्याशिवाय हे करू नका. लिव्हर न्यूट्रलला असली की गाडी गिअरवर धरून राहत नाही, आणि आमच्या गाडीचा हँडब्रेक तर ऑइलनं चिंब होता.

तिसरी: पुढचा शाफ्ट सोडून गाडी चालवली. काही फरक नाही, म्हणून पुढचं तोंड सुटलं.

मामूंचा निकाल असा की मोठा आवाज मधल्या गिअरचा आणि लहान घरघर मागच्या बेरिंगची. दोन वेगळे रोग. क्रॉस आणि क्राऊन-पिनियनचा संबंध नाही. एवढ्यासाठी पुढचा शाफ्ट सोडण्यापलीकडे पाना हातात घ्यावा लागला नाही.

१२ ऑक्टोबर

ऑइल सोडलं. खोलण्याआधी गाडी थोडी फिरवून आणावी, गरम ऑइल गाळही बरोबर घेऊन येतं. या डब्यात साधारण दीड लिटर बसतं. निघालं लिटरभराच्या आत, तेही दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं. पाणी शिरलंय यात शंका नाही.

परातीतलं ऑइल उन्हात तिरपं धरलं तर त्यात दोन तऱ्हेची चमक दिसली. एक करडी, एक पिवळी. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फिरवलं. करडी चमक मिशांसारखी चिकटली, पिवळी तशीच तरंगत राहिली. करडी म्हणजे मधला गिअर ज्यांवर फिरतो त्या बेरिंगच्या सुया आणि त्याच्या शाफ्टचं पोलाद, पिवळी म्हणजे मधल्या गिअरच्या दोन्ही बाजूंचे थ्रस्ट वॉशर. सोड-बोल्टाला दाताचा तुकडा चिकटलेला नव्हता. हे बघून सगळ्यात हायसं वाटलं, कारण या घाटणीचे चांगले गिअर आता सहजासहजी मिळत नाहीत.

१३ ऑक्टोबर

खालची पॅन उघडली. गाडी खड्ड्यावर घेतली की पॅनच्या जागेतून मधला गिअर समोर दिसतो. हातानं धरून वर-खाली हलवला तर सरळ डुलला. इथं बोटाला डुलणं कळायलाच नको.

या गिअरचा शाफ्ट मागच्या बाजूनं निघतो. त्याच्या टोकाला खाच असते आणि त्या खाचेत एक पट्टी बसून शाफ्टला फिरू देत नाही. पट्टी काढून पुढून पितळी ड्रिफ्टनं (दांड्यानं) ठोकायचं. आमचा शाफ्ट अर्धा येऊन अडला. सुयांनी त्यावर पायरी पाडलेली, आणि ती पायरीच केसच्या भोकात अटकत होती. मामू म्हणाले, आता जोर केला तर केसचं भोक मोठं होईल आणि तिथून आयुष्यभर ऑइल गळेल. खालून करायचं काम सोडून द्या, अख्खा डबा उतरवा.

त्यात दिवस गेला, पण निर्णय बरोबरच होता.

१६ ऑक्टोबर

डबा उतरवला. ज्यांना हे करायचंय त्यांनी हा भाग नीट वाचा. ट्रान्सफर गिअरबॉक्सला पाच बोल्टांनी धरलेला असतो. ते सोडून ओढला की निघाला, असं वाटतं. तसं ओढलं तर गिअरबॉक्सचा मेन शाफ्टही मागे सरकतो, आतली मांडणी विस्कटते आणि चांगला गिअरबॉक्सही खोलायची वेळ येते. कारण ट्रान्सफरचा मेन गिअर त्याच शाफ्टच्या शेपटीवर नटानं आवळलेला असतो.

म्हणून आधी मागचं पीटीओचं (बाहेरची यंत्रं चालवायच्या तोंडाचं) झाकण काढायचं. आत खाचांचा नट आणि त्यात स्प्लिट पिन दिसते. पिन काढून नट सोडायचा आणि पुलरनं मेन गिअर मागे घ्यायचा. त्याआधी गिअरबॉक्सचं वरचं झाकण उघडून मेन शाफ्टला तारेचा फास टाकून पुढे ताणून बांधायचं. आम्ही बांधायची साधी तार वापरली. नटासाठी दोघं लागतात: एकानं गिअर टाकून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं पाइप लावून पाना ओढायचा. चाकांकडे जाणारे शाफ्ट सोडण्याच्या आधी हे उरकून घ्या, नंतर ब्रेकचा उपयोग राहत नाही. आमच्याकडे शाफ्ट आधीच निघाले होते, म्हणून नटासाठी लाकडाची पाचर मारावी लागली आणि दुपार त्यातच गेली.

डबा जड आहे. छातीवर घेऊ नका. आम्ही ट्रॉलीच्या जॅकवर फळी टाकून उतरवला.

लिव्हरचे रॉड काढताना स्प्रिंगवर बसलेल्या गोळ्या उडतात. भोकावर फडकं दाबून धरायचं. दोन रॉडच्या मधे एक अडसर-पिन असते, तिच्यामुळे फोर व्हील लावल्याशिवाय लो लागत नाही. आमच्यात ती नव्हतीच. मागच्या कुणी तरी हरवली किंवा मुद्दाम काढली. काही जण टू व्हीलमध्ये लो वापरता यावं म्हणून काढतात. मामूंना ते मान्य नाही: लोची सगळी ताकद एकट्या मागच्या एक्सलवर पडते. त्यांनी आपल्या डब्यातून जुनी पिन शोधून बसवली, पैसे घेतले नाहीत.

१७ ऑक्टोबर

सगळं डिझेलनं धुतलं. आता हिशेब स्पष्ट दिसतो.

मधला शाफ्ट सगळीकडून झिजलेला नाही, एकाच बाजूनं झिजलाय. हा शाफ्ट फिरत नाही, गिअर त्याच्यावर सुयांवरून फिरतो, त्यामुळे जोर कायम एकाच अंगावर येतो. त्या अंगावर सुयांच्या जागी उथळ पन्हळ पडलेली. नख फिरवलं की कडेला अडतं. सुट्या सुया निघाल्या, त्यांतल्या काहींवर गंजाचे काळे ठिपके, काही मधे बारीक झालेल्या. पाण्याचं काम. थ्रस्ट वॉशर कागदासारखे पातळ. शाफ्टवर गिअर तिरका बसला की दात कडेवर भिडतात, त्याचीच घूं.

मागच्या शाफ्टचं टेपर बेरिंग: कपावर बारीक खड्डे. ती लहान घरघर ही.

आणि मग ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो सापडला. केसच्या वर एक बोटभर ब्रीदर असतो. त्याला काळ्या मातीचा असा बूच बसला होता की तारेनं टोकरून काढावा लागला. केस तापला की आतली हवा फुगते. ब्रीदर बंद असेल तर ती ऑइल सीलमधून वाट काढते आणि ऑइल बरोबर नेते. तापलेला केस ओढ्याच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि त्याच सीलमधून पाणी आत ओढून घेते. ऑइल कमी, त्यात पाणी, आणि सुयांवर कायम वजन. आम्ही नुसता शाफ्ट बदलला असता तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा याच खड्ड्यात भेटलो असतो.

१८ ऑक्टोबर

पार्टचा शोध. दिवाळी तोंडावर, बाजारात पाय ठेवायला जागा नाही.

गावातल्या लेथवाल्यानं मधला शाफ्ट ‘दोन तासांत करून देतो’ म्हणून सांगितलं. नमुना म्हणून त्यानं साध्या ईएन-८ पोलादाचा तुकडा दाखवला. मामूंनी कानस घेतली. जुन्या शाफ्टच्या न झिजलेल्या टोकावर फिरवली तर काचेवर फिरवावी तशी सुर्रकन घसरली, ओरखडासुद्धा नाही. लेथवाल्याच्या तुकड्यावर फिरवली तर पहिल्याच हातात चंदेरी कीस पडला. सुया थेट शाफ्टवर फिरतात, मधे दुसरी रिंग नाही, त्यामुळे शाफ्टची कातडी कडक नसेल तर महिनाभरात पन्हळ पडणार. लेथवाला स्वतःच म्हणाला, “खरंय, मग माझ्याकडं नका करू.” बिचाऱ्यानं प्रामाणिकपणा दाखवला.

सुया बसवायला मात्र त्याच्याकडून एक नकली शाफ्ट करून घेतला, खऱ्यापेक्षा किंचित बारीक आणि लांबीला गिअर अधिक दोन वॉशर एवढाच. ३०० रुपये.

छत्रपती संभाजीनगरच्या एका पार्टवाल्याकडे फोनवर किट मिळालं, भाच्याकडून मागवून घेतलं. डबी झकास, होलोग्राम लावलेला. कानस टोकावर फिरवली, कीस पडला. परत पाठवलं. दुकानदार आधी म्हणाला की कानस लावलेला माल परत घेत नाही, नंतर भाच्याच्या तोंडाकडे बघून घेतला. पार्ट हातात आला की आधी टोकावर, जिथं सुया येत नाहीत तिथं, कानस फिरवून बघायची.

मग हरियाणातल्या मंडी डबवालीहून मागवायचं ठरलं. जुन्या जीप नव्यानं बांधायचा धंदा तिथं मोठा आहे. कुरिअर दिवाळीनंतरच निघणार.

जीएसटीचं एक सांगतो. २२ सप्टेंबरपासून ऑटो पार्टवर सरसकट १८ टक्के झालाय, आधी बऱ्याच पार्टवर २८ होता. दुकानदार अजून जुन्या छापील किमतीवरच बिल करतायत. विचारलं तर कमी करतात, न विचारता नाही.

२७ ऑक्टोबर

पार्सल आलं. शाफ्टवर कानस घसरली. देव पावला.

दरम्यान सोयाबीन चुलतभावाच्या ट्रॅक्टरनं घरी आणलं. डिझेलचे पैसे दिले, उपकार डोक्यावर राहिले.

२९ ऑक्टोबर

जोडणी सुरू. आधी मागच्या शाफ्टची दोन्ही टेपर बेरिंगं नवी. जुने कप पितळी ड्रिफ्टनं एकदा इकडून एकदा तिकडून असे ठोकत काढायचे, एकाच बाजूनं ठोकलं तर तिरके होऊन अडकतात.

मधला गिअर: आत ग्रीसचा जाड थर द्यायचा, त्यात एकेक सुई उभी चिकटवायची आणि नकली शाफ्ट घालून ठेवायचा. ग्रीस घट्ट पाहिजे. दुपारच्या उन्हात ते पातळ होऊन सुया ओघळल्या, म्हणून काम संध्याकाळवर ढकललं. मग गिअर दोन्ही वॉशरसकट केसमध्ये उचलून धरायचा आणि खरा शाफ्ट मागून ढकलत नकली पुढून बाहेर काढायचा. दोन्ही शाफ्ट एकमेकांना चिकटून पुढे सरकले पाहिजेत. मधे फट पडली तर एक सुई खाली पडते आणि पुन्हा पहिल्यापासून. वॉशरचा कान केसच्या खाचेत बसलाय ना, हे आरसा धरून बघितलं.

गिअर जुनेच ठेवले. दात चांगले होते, आणि वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून जुळलेली जोडी मोडून एकच गिअर नवा घालणं म्हणजे नवी घूं विकत घेणं.

मागच्या कॅपचं (बेरिंगवरच्या झाकणाचं) सील नवं, पण योकवर (शाफ्ट जोडायच्या तुकड्यावर) जुन्या सीलच्या ओठानं खाच पाडली होती. नवं सील पूर्ण आत न ठोकता दोनेक मिलिमीटर बाहेर ठेवलं. आता ओठ खाचेच्या शेजारच्या कोऱ्या जागेवर बसतो. योक बदलायचा खर्च वाचला.

३१ ऑक्टोबर

डबा चढवला, ईपी ९० ऑइल भरलं, जीएल-४ दर्जाचं. आत पिवळ्या धातूचे वॉशर असल्यानं मामू जीएल-५ घालत नाहीत. त्यावर दुकानात वाद घालणारे खूप भेटतात; आमचा डबा, आमचं ऑइल.

केज रस्त्यानं फिरवून आणली. मोठी घूं गेली! मात्र परत येईपर्यंत जळक्या ग्रीसचा वास. गाडी थांबवून खाली हात घातला. केसवर हात आरामात टिकत होता, मागच्या कॅपवर टेकवता येईना. सगळा डबा सारखा तापला तर ऑइलचा विचार करावा. एकच जागा तापली तर त्या जागेचं बेरिंग आवळलंय.

२ नोव्हेंबर

मागची कॅप उघडली. कॅपखाली पत्र्याचे पातळ शिम असतात, शाफ्टला मागे-पुढे किती प्ले राहील ते त्यांवर ठरतं. मामूंच्या पोरानं होते तेवढेच शिम परत घातले होते आणि हातानं हलवून ‘प्ले शून्य, एकदम टाइट’ म्हणून खूश झाला होता. टेपर बेरिंगला शून्य प्ले म्हणजे कदाचित उलटा दाबही असतो, आणि हाताला ते दोन्ही सारखंच लागतं. जुन्या झिजलेल्या बेरिंगला बसलेले शिम नव्याला बसतीलच असं नाही.

इथं चार ते आठ थाव (थाव म्हणजे इंचाचा हजारावा भाग) प्ले पाहिजे, म्हणजे ०.१० ते ०.२० मिलिमीटर. लेथवाल्याकडून डायल गेज आणला, शाफ्टच्या टोकाला टेकवला. दहा थावाचा एक शिम वाढवला आणि सहा थाव प्ले दाखवला. म्हणजे आधी चार थाव दाब होता. बेरिंग नशिबानं निळं पडलेलं नव्हतं. शिमच्या जागी कागदाचं पॅकिंग घालणारेही बघितलेत. ते दबतं आणि महिन्याभरात सगळं माप बदलतं.

मामू पोराला काही बोलले नाहीत. डायल गेज मात्र त्याच्या हातात देऊन पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलं.

हँडब्रेकचे शू ऑइल पिऊन बसले होते. तवा तापवून त्यांवर भाजून बघितले, पकड आली नाही. दुसरे घातले.

४ नोव्हेंबर

ब्रीदरचं काम. जुना काढून त्या आट्यात पितळी निपल बसवली, डिझेल लाइनचा रबरी पाइप लावून फायरवॉलपर्यंत वर नेला आणि टोकाला लहान फिल्टर लावला. सगळं मिळून १८० रुपये. पाइप सायलेन्सरपासून लांब आणि कुठंही खाली झोळ न पडता गेला पाहिजे. झोळात पाणी साचलं तर पुन्हा बूचच.

९ नोव्हेंबर

अंबाजोगाईहून केज, नेकनूर करत मांजरसुंब्याचा घाट चढून आलो, मागे खताची पोती टाकून. चढाला थोडी घूं आहे. सरळ दातांचे गिअर आहेत, ती राहणारच. मामूंच्या मते ती नसेल तर गाडी चालू आहे का ते बघावं. ५० ला आता माणसाशी बोलता येतं. घाट चढल्यावर कॅपवर हात टिकला. लो आणि फोर व्हील दोन्ही नांगरलेल्या रानात लावून बघितलं, लिव्हर उसळत नाही.

१० नोव्हेंबर

खर्च. शाफ्ट, सुया, वॉशरचं किट ३,८५०. बेरिंगं २,६००. तीन सील ४८०. पॅकिंग आणि शिम ३५०. ऑइल १,१५०, कारण कॅप उघडल्यावर नव्यानं भरावं लागलं. ब्रीदर १८०. नकली शाफ्ट ३००. कुरिअर ३५०. मजुरी ४,५००, दुसऱ्यांदा खोलल्याची मामूंनी घेतली नाही. एकूण १३,७६०. ब्रेक शूचे ६५० वेगळे. क्रॉस आणि जाड ऑइलमध्ये गेलेले २,३०० यात धरलेले नाहीत.

भंगारातला अख्खा डबा ‘जसा आहे तसा’ १४,००० ला सांगितला होता. त्याच्या आत काय निघालं असतं ते आपल्याला कोण सांगणार?

३० नोव्हेंबर

ऊसतोडीच्या गडबडीत जीप रोज चालतेय. आज ऑइल सोडून बघितलं, नव्या बेरिंगांनंतर एकदा बदलावंच लागतं. रंग स्वच्छ, पाण्याचा मागमूस नाही. सोड-बोल्टावर करडी साय थोडी, बोटानं पुसून गेली. पिवळी चमक नाही.

पुढच्या तोंडाचं सील किंचित पाझरायला लागलंय. ते तेव्हाच बदललं होतं, पण तिकडचा योकही झिजलेला आहे आणि तिथं सील बाहेर ठेवायला जागा नाही. योकवर स्लीव्ह चढवायची किंवा योक बदलायचा. फ्री व्हीलिंग हब बसवले तर पुढचा शाफ्ट रोजचा फिरायचा थांबेल आणि सीलही टिकेल, म्हणून त्यांचा भाव काढतोय. हे काम उन्हाळ्यात. तोवर दर पंधरवड्याला भरायचा बोल्ट काढून करंगळी घालायची, भोकाच्या काठाशी ऑइल लागलं नाही तर भरायचं.